‘बीजतेलमुक्त’ अशी मोहर पाकिटावर छापण्याआधी नेमके काय सिद्ध करावे लागते?

मंजिरी_क (धागाकर्ती)

नमस्कार. आम्ही तिघी मिळून छोट्या प्रमाणावर बिस्किटे तयार करतो. गव्हाचे पीठ, लोणी, थोडे ऑलिव्ह तेल, साखर, बेदाणे आणि काही प्रकारांत चॉकलेटचे तुकडे, एवढाच आमचा पसारा आहे. आमचा माल घेणाऱ्या एका वितरकाने अलीकडे आग्रह धरला आहे की, सोयाबीन, सूर्यफूल, मका, सरकी यांची तेले आपण वापरतच नाही, तर तसे प्रमाणपत्र मिळवून पाकिटावर ‘बीजतेलमुक्त’ असे ठळक अक्षरांत छापावे. अमेरिकेत अशी मोहर देणारी खासगी संस्था उभी राहिली आहे आणि ग्राहक ती मोहर शोधू लागले आहेत, असे त्याचे म्हणणे आहे.

माझ्या शंका तीन आहेत. बीजतेल कशाला म्हणायचे, हे कोण ठरवते? एखाद्या पदार्थात ते नाही, हे प्रयोगशाळा सांगू शकते की केवळ कागदपत्रांवर विश्वास ठेवावा लागतो? आणि सगळे सिद्ध झाले तरी ते शब्द छापावेत का? ही तेले प्रकृतीला बरी की वाईट, हा वाद कृपया येथे नको. तो इतरत्र पुष्कळ झाला आहे.

चिकित्सक

पहिल्या प्रश्नावरच गाडी अडते. वनस्पतिशास्त्राप्रमाणे पाहिले तर शेंगदाणा हे बी आहे, तीळ हे बी आहे आणि जवसही बीच आहे. खोबरे म्हणजे नारळाच्या बीचा गर, तेव्हा खोबरेल हेही बीचेच तेल ठरते. उलट ऑलिव्ह आणि अॅव्होकॅडो यांचे तेल फळाच्या गरातून निघते. तांदळाच्या कोंड्याचे तेल मात्र धान्याच्या बाहेरच्या थरातून येत असूनही टीकाकारांच्या यादीत नेमाने असते. ती यादी साधारण आठ तेलांची आहे: कॅनोला (मोहरीच्या कुळातले एक तेलबी), मका, सरकी, सोयाबीन, सूर्यफूल, करडई, द्राक्षबी आणि तांदूळकोंडा. यांना जोडणारा धागा ‘बी’ हा नाही. मोठ्या कारखान्यात शुद्धीकरण होणे आणि (बहुतेकांत) लिनोलेइक आम्ल या मेदाम्लाचे (मेदाच्या एका मूळ घटकाचे) प्रमाण अधिक असणे, हा तो धागा आहे. म्हणजे नाव वनस्पतिशास्त्राचे आणि निकष भलतेच, अशी ही स्थिती आहे. आपल्या भाषेत ‘तेलबिया’ म्हटले की शेंगदाणा आणि तीळ सर्वांत आधी आठवतात, त्यामुळे मराठी वाचकाची तर या शब्दाने दुप्पट दिशाभूल होईल.

जुना_खवय्या

चॉकलेटमधले कोको बटर कोकोच्या बियांतूनच निघते, याची आठवण करून देतो आणि ही चळवळ माझ्या कपाटापर्यंत पोहोचण्याआधी थांबावी अशी प्रार्थना करतो.

तळटीप

चिकित्सक यांच्या मुद्द्याला कायद्याची जोड देतो. युरोपीय संघाच्या ११६९/२०११ या नियमानुसार १३ डिसेंबर २०१४ पासून घटकांच्या यादीत नुसते ‘वनस्पती तेल’ लिहून चालत नाही. ते कोणत्या वनस्पतीचे आहे, हे सांगावे लागते. मात्र ‘बदलत्या प्रमाणात’ अशी जोड देऊन अनेक तेलांची नावे एकत्र देण्याची मुभा आहे. अमेरिकेतही उत्पादकाला कोणते तेल हाती येईल याची खात्री नसेल, तर ‘पुढीलपैकी एक किंवा अधिक’ असे लिहून पर्याय देता येतात. ग्राहकाचा अविश्वास बऱ्याच अंशी या सवलतींतून निर्माण झाला आहे, असे मला वाटते. पाकिटात नेमके काय आहे ते सरळ सांगितले असते, तर काय नाही हे सांगणाऱ्या मोहरेची गरज इतकी भासली नसती.

व्याख्येविषयी एक ताजी घडामोड अशी की, अमेरिकेतील लुइझियाना राज्याने २०२५ मध्ये कायदा करून, अशी तेले वापरणाऱ्या खाद्यगृहांनी १ जानेवारी २०२८ पासून तशी सूचना ग्राहकांना दिसेल अशी लावावी, असे ठरवले आहे. तेथेही तेलांची नावे मोजून द्यावी लागली, कारण सर्वसाधारण व्याख्या करायला गेले की खोबरेल आणि कोको बटर आत येऊन बसतात.

परीक्षानळी

मी तेलांच्या तपासणीचे काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देते.

मंजिरीताई, ‘ग्लुटेनमुक्त’ या दाव्याशी तुलना केली तर अडचण चटकन ध्यानात येईल. ग्लुटेन हे प्रथिन आहे आणि ते नेमके ओळखणाऱ्या अँटिबॉडी उपलब्ध आहेत. त्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०१३ मध्ये दर किलोला २० मिलिग्रॅम अशी सीमा आखता आली आणि ती मोजताही येते. तेलाचे तसे नाही. लिनोलेइक आम्ल सूर्यफुलात असते, तसेच ते गव्हात, कोंबडीच्या चरबीत, ऑलिव्हमध्ये आणि लोण्यातही असते. ते कोठून आले, हे त्या रेणूवर लिहिलेले नसते. शुद्ध केलेल्या तेलात डीएनए जवळजवळ उरत नाही, त्यामुळे तो मार्गही बहुधा बंद होतो.

मग आम्ही काय करतो? आधी गॅस क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीने) मेदाम्लांचे प्रमाण काढतो. साध्या सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक आम्ल साधारण निम्म्यापासून पाऊण भागापर्यंत असते, लोण्यात ते दोन-तीन टक्के असते. तेव्हा लोण्यात बऱ्यापैकी सूर्यफूल मिसळले तर लगेच उघडे पडते. पण ओलेइक आम्लाचे (ऑलिव्ह तेलातल्या मुख्य मेदाम्लाचे) प्रमाण मुद्दाम वाढवलेल्या सूर्यफुलाच्या जाती आहेत. त्यांच्या तेलात लिनोलेइक आम्ल दहा टक्क्यांच्याही खाली असू शकते, तर अस्सल ऑलिव्ह तेलात ते २१ टक्क्यांपर्यंत चालते. केवळ या आकड्यावर निकाल दिला तर चोर सुटेल आणि साव पकडला जाईल.

म्हणून दुसरी पायरी स्टेरॉलची, म्हणजे तेलात अल्प प्रमाणात असणाऱ्या कोलेस्टेरॉलसारख्या द्रव्यांची. प्रत्येक वनस्पतीच्या तेलात स्टेरॉलांची ठेवण वेगळी असते. ब्रासिकास्टेरॉल हे कॅनोला आणि मोहरीच्या कुळाची खूण मानले जाते. ऑलिव्ह तेलात ते एकूण स्टेरॉलांच्या ०.१ टक्क्यापेक्षा अधिक आढळू नये, असा कोडेक्सचा (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा) दंडक आहे, आणि कॅनोलाच्या तेलात ते पाच टक्क्यांच्या वर असते. डेल्टा-७-स्टिग्मास्टेनॉल वाढलेले दिसले की आम्ही सूर्यफूल किंवा करडईच्या मागावर निघतो. ही चाचणी अधिक वेळ खाते आणि महाग पडते, पण ओलेइकयुक्त सूर्यफुलाचे सोंग तीच उतरवते.

सरळमार्गी

धागाकर्तीने वाद नको म्हटले आहे, तरी एक नोंद करू द्यावी. लोक ही तेले केवळ लहर म्हणून टाळत नाहीत. सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयरोग्यांच्या आहारात करडईचे तेल वाढवून प्रयोग झाला होता. त्याची जुनी माहिती २०१३ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा, तेल वाढवलेल्या गटात मृत्यूंचे प्रमाण जास्त निघाले. मिनेसोटातील मक्याच्या तेलाच्या प्रयोगाची फेरतपासणी २०१६ मध्ये झाली. तेथे कोलेस्टेरॉल उतरले, पण आयुष्य वाढले नाही.

अनवट

सरळमार्गी, नोंद अर्धीच राहू नये म्हणून पुढची ओळ मी लिहितो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये उपलब्ध चाचण्यांचा आढावा घेऊन, संपृक्त मेदाच्या (लोणी-तुपासारख्या) जागी बहुअसंपृक्त तेले (सोयाबीन, मका यांसारखी) घेतल्यास हृदयविकाराचा धोका कमी होतो, असाच निष्कर्ष काढला. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यातही संपृक्त मेद कमी केल्याने हृदय व रक्तवाहिन्यांच्या एकत्रित घटना सुमारे १७ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. सिडनीच्या प्रयोगात रुग्णांना दिलेल्या मार्गारिनमध्ये (वनस्पती तेलाच्या कृत्रिम लोण्यात) हृदयाला घातक मानले जाणारे ट्रान्स मेद असावेत, ही शंकाही अनेक अभ्यासकांनी मांडली आहे. प्रस्तुत धाग्यापुरता अर्थ एवढाच की, मोहर लावणाऱ्याने तिच्यातून आरोग्याचे आश्वासन सुचवू नये, कारण त्या आश्वासनामागे शास्त्रज्ञांचे एकमत उभे नाही.

सरळमार्गी

एकमत नाही, हे मान्य आहे. पण एकमत नसताना निवड करण्याचा अधिकार खाणाऱ्याकडे राहतो, आणि निवडीसाठी माहिती लागते. ज्याला सूर्यफूल टाळायचे आहे, त्याने ते का टाळावे हे मोहरेने सांगू नये. त्यात ते नाही, एवढे खरे सांगावे. धर्माज्ञेप्रमाणे अन्न घेणाऱ्यांसाठी हलाल आणि कोशर यांची प्रमाणपत्रे नेमके हेच करतात, आणि ती प्रयोगशाळेत सिद्ध करा असे कोणी म्हणत नाही.

अनवट

हा मुद्दा मला पटला. आधीच्या प्रतिसादात मी हे लक्षात घेतले नव्हते.

जुना_खवय्या

या संकेतस्थळावर एका सदस्याला दुसऱ्याचे म्हणणे पटल्याची नोंद संपादकांनी जपून ठेवावी.

अक्षरओळख

हलाल-कोशरची तुलना मलाही आवडली, पण त्या शब्दांत आणि ‘मुक्त’ या शब्दात फरक आहे. आपण ‘मुक्त’ कशाकशाला जोडतो ते पाहावे: रोगमुक्त, व्यसनमुक्त, कर्जमुक्त, भयमुक्त. ज्याच्यापासून सुटका झाली ती गोष्ट वाईटच होती, असा निवाडा या शब्दात आधीच बसलेला असतो. सरळमार्गी म्हणतात तशी मोहर कारण सांगणार नाही, पण ‘बीजतेलमुक्त’ हा शब्द ते न विचारता सांगतो. ‘विरहित’ हा शब्द त्या मानाने तटस्थ आहे, आणि ‘न घालता केलेले’ ही शब्दयोजना तर अगदीच साधी व खरी आहे. अनवट यांना आरोग्याचे आश्वासन टाळायचे असेल, तर सुरुवात या शब्दापासून करावी लागेल.

तळटीप

अक्षरओळख यांच्या म्हणण्याला न्यायालयीन उदाहरण आहे. बेल्जियममध्ये एका मोठ्या विक्रेत्याने ब्रेडला लावायच्या आपल्या चॉकलेटच्या लेपात पामतेल नाही, म्हणून तो प्रकृतीला आणि पृथ्वीला अधिक चांगला, अशी जाहिरात केली. पामतेल वापरणाऱ्या फेरेरो या कंपनीने दावा लावला आणि २०१७ मध्ये ब्रुसेल्सच्या अपील न्यायालयाने ती जाहिरात थांबवायला लावली. पामतेल नाही, हे सांगणे वेगळे आणि नाही म्हणून आमचे श्रेष्ठ, हे सांगणे वेगळे. युरोपीय नियमांत आणखी एक अट आहे: सर्वच तत्सम पदार्थांत जो गुण असतो, तो आपल्याच पदार्थाचे वैशिष्ट्य म्हणून मिरवता येत नाही. नाहीतर मधाच्या बाटलीवरही ‘बीजतेल नाही’ असे छापलेले दिसले असते.

वाटसरू२१

एवढ्या खटाटोपापेक्षा घटकांची यादी वाचावी आणि पाकीट खाली ठेवावे किंवा उचलावे. प्रमाणपत्र हा ज्याला परवडते त्याचा दागिना आहे. लहान उत्पादक खरे बोलूनही दागिन्याविना राहतो आणि त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते.

परीक्षानळी

वाटसरू, यादी वाचून काम भागले असते तर माझी नोकरी गेली असती. अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये बाजारातील अॅव्होकॅडो तेलाचे २२ नमुने तपासले. त्यांपैकी किमान ८२ टक्के मुदतीआधीच खवट झालेले किंवा भेसळीचे निघाले आणि तीन बाटल्यांत जवळजवळ निव्वळ सोयाबीनचे तेल होते. त्या बाटल्यांवरची यादी वाचून काय कळणार होते? ज्या उत्पादकांनी ते तेल विश्वासाने विकत घेऊन आपल्या पदार्थात घातले असेल, त्यांच्या यादीतही ‘अॅव्होकॅडो तेल’ असेच आले असेल.

याहून भीषण प्रकरण स्पेनमधले आहे. १९८१ मध्ये तेथे औद्योगिक वापरासाठी अॅनिलीन हे विषारी रसायन मिसळलेले रेपसीड (मोहरीच्या कुळातले) तेल पुन्हा शुद्ध करून खाद्यतेल म्हणून विकले गेले. सुमारे २०,००० लोक आजारी पडले आणि शेकड्यांनी दगावले. तेलाची ओळख पटवण्याची गरज आजच्या आहारविषयक चर्चेतून जन्मलेली नाही, हे लक्षात यावे म्हणून हे सांगितले.

हिशेबनीस

मी पूर्वी दुसऱ्या प्रकारच्या अन्नप्रमाणपत्रांसाठी कारखान्यांची पडताळणी करत असे. परीक्षानळी यांचे काम जेथे संपते तेथे आमचे सुरू होते, म्हणून लिहितो.

तेल हे ‘तेल’ म्हणून येते तेव्हा ते शोधणे सोपे असते. ते दुसऱ्या घटकाच्या पाठीवर बसून येते तेव्हा खरी मजा येते. जीवनसत्त्व अ आणि ड तेलात विरघळवून पुरवली जातात. स्वादद्रव्यांना वाहक म्हणून तेल असते. चॉकलेटमधले लेसिथिन बहुधा सोयाबीनचे किंवा सूर्यफुलाचे असते. ते तेलशुद्धीत बाजूला काढलेले द्रव्य आहे, त्याला तेल म्हणायचे की नाही हे मानकात आधीच लिहिलेले हवे. अंतिम पदार्थात ज्याचे काही कार्य उरत नाही आणि प्रमाणही नगण्य आहे, असे साहाय्यक द्रव्य घटकांच्या यादीत लिहिण्याची सक्ती अनेक ठिकाणी नाही. मंजिरीताईंच्या यादीत बेदाणे आहेत. ते एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांना तेलाचा हलका हात दिलेला असतो आणि ते तेल बहुतेक वेळा सूर्यफुलाचे असते. पुरवठादाराचे तपशीलपत्र मागवून पाहावे.

मंजिरी_क

हिशेबनीस, आपला प्रतिसाद वाचून तपशीलपत्र मागवले. त्यात ‘सूर्यफूल तेल, कमाल ०.५ टक्के’ अशी ओळ आहे. तीन वर्षे आम्ही हे बेदाणे वापरतो आहोत आणि आमच्याकडे असले तेल नाही असे लोकांना मनापासून सांगत आलो आहोत. आमच्या बिस्किटांत बेदाणे ८ टक्के असतात. प्रयोगशाळेत हे पकडले जाईल का?

परीक्षानळी

नाही. आपण हिशेबच करू. बेदाण्यांच्या ०.५ टक्क्याचे ८ टक्के म्हणजे बिस्किटाच्या ०.०४ टक्के, अर्थात दर किलोला ४०० मिलिग्रॅम. आता पिठाकडे पाहा. मैद्यात सुमारे एक टक्का स्वतःचा मेद असतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. आपल्या बिस्किटात निम्मे पीठ धरले, तर गव्हाचा स्वतःचा मेद ०.५ टक्के झाला, म्हणजे बेदाण्यांवरच्या तेलाच्या बारापटीहून अधिक. शिवाय गव्हाचे स्वतःचे स्टेरॉल आहेत. लोण्याची मेदाम्लेही गुरांच्या चाऱ्याप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतात. एवढ्या गर्दीत ते ४०० मिलिग्रॅम मला ओळखू येणार नाहीत, आणि ओळखल्याचा दावा कोणी केला तर त्याची पद्धत मी आधी तपासून पाहीन.

चिकित्सक

म्हणजे गव्हाच्या बीतले तेल चालते, कारण ते दाण्याच्या आत आहे, आणि बेदाण्यावरचे त्याच्या बाराव्या भागाहून कमी तेल चालत नाही, कारण ते बाहेरून लावले आहे.

हिशेबनीस

होय, आणि यात मला विसंगती वाटत नाही. मानकाला ‘काय आहे’ याऐवजी ‘काय घातले’ असे विचारावे लागते. मक्याचा पदार्थ खोबरेलात तळला तरी त्यात मक्याचे स्वतःचे तेल असणारच. तेव्हा प्रयोगशाळेने मुख्य तेल अस्सल आहे की नाही ते सांगावे आणि पडताळणी करणाऱ्याने बेदाणे, स्वादद्रव्ये, जीवनसत्त्वे यांचे कागद पाहावेत. यांपैकी एकच काम करून जी संस्था मोहर देईल, तिच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. कॅनोलाने भेसळलेले ऑलिव्ह तेल कागदावर निर्दोष असते आणि तेल लावलेले बेदाणे प्रयोगशाळेत निर्दोष ठरतात.

सूक्ष्म प्रमाणाची सीमा किती ठेवावी, यावर मतभेद होतील. मात्र ती जाहीर असावी. अमेरिकेत ट्रान्स मेद एका वाढणीत ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते शून्य म्हणून लिहिले जाते. वाढणी लहान दाखवली की शून्य सहज गाठता येते, हे उत्पादकांना कळायला वेळ लागला नाही.

वाटसरू२१

पण पैसे कोण देणार? ज्याची तपासणी करायची तोच तपासणाऱ्याचे शुल्क भरतो, ही या सर्व प्रमाणपत्रांची जुनी व्याधी आहे.

हिशेबनीस

व्याधी खरी आहे, उतारा अर्धामुर्धा आहे. उत्पादनांना प्रमाणपत्रे देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ १७०६५ आणि प्रयोगशाळांसाठी आयएसओ १७०२५ ही मानके आहेत. संस्थेने त्यांप्रमाणे मान्यता घेतली आहे का, हे विचारता येते. अमेरिकी कायद्यात प्रमाणन चिन्हाच्या मालकाला त्याच प्रकारचा माल स्वतः विकून त्यावर ते चिन्ह लावता येत नाही, आणि निकष पूर्ण करणाऱ्याला मनमानीने नाकारताही येत नाही. मंजिरीताई, मोहरेसाठी अर्ज करण्याआधी त्या संस्थेचे मानक पूर्ण वाचायला मिळते का, तेवढे पाहावे. जी संस्था शुल्काचा तक्ता आधी पाठवते आणि मानक मागितल्यावर ‘ते गोपनीय आहे’ म्हणते, तिच्याकडे पाठ फिरवावी.

अक्षरओळख

आणि नमुने बाजारातून न सांगता उचलले जातात की उत्पादकच आपल्या हाताने निवडून पाठवतो, हेही विचारावे.

मंजिरी_क

सर्वांचे आभार. वितरकाशी काल बोलणे झाले. आम्ही मोहरेसाठी सध्या अर्ज करणार नाही. तेल न लावलेले बेदाणे थोडे महाग आणि हाताळायला चिकट आहेत, पण ते घ्यायचे ठरवले आहे. ऑलिव्ह तेलाच्या प्रत्येक नव्या पुरवठ्यातील एक नमुना स्टेरॉलच्या तपासणीसाठी पाठवणार आहोत. पाकिटावर ‘मुक्त’ हा शब्द नसेल. त्याऐवजी पुढच्या बाजूला असा मजकूर देण्याचा विचार आहे: ‘या बिस्किटांत लोणी आणि ऑलिव्ह तेल वापरले आहे. याशिवाय कोणतेही तेल घातलेले नाही. चॉकलेटमध्ये सोयाबीनचे लेसिथिन आहे.’ वितरकाला तिसरे वाक्य मुळीच पसंत नाही. ते लिहिल्याने पहिल्या दोन वाक्यांची हवा निघून जाते, असे तो म्हणाला. आम्ही तिघींनी ते ठेवायचे ठरवले आहे.

सरळमार्गी

बीजतेले टाळणारा ग्राहक म्हणून सांगतो, ते तिसरे वाक्य वाचूनच मी पहिल्या दोन वाक्यांवर विश्वास ठेवीन.

हिशेबनीस

मजकूर उत्तम आहे. छपाईला देण्याआधी एकच विचारतो: बिस्किटे भाजताना पत्र्यांना चिकटू नयेत म्हणून त्यांवर काय लावता?

मंजिरी_क

आताच डबा उलटून पाहिला. सूर्यफूल तेल आणि लेसिथिन. छपाई थांबवली आहे.